इंजिन आत्ता काय करतंय?

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेतून निवृत्त झाल्यावर जलरंग हाती घेतले, लहानपणापासून वाफेच्या इंजिनाचं वेड, म्हणून तीच काढता. पण धूर कापसासारखा दिसतो, चाकं गाड्याला लावल्यासारखी दिसतात, आणि फोटोवरून हुबेहूब उतरवूनही अख्खं इंजिन खेळण्यातलं वाटतं. सोबत एका चित्राचं वर्णनही दिलंय: पहाटेचं स्टेशन, फलाटाला उभं इंजिन, मागे वाकलेला मोठा धूर, आणि पुढच्या चाकांपाशी झालेला गोंधळ. कागद बदलू का, की सरळ तैलरंगाकडे वळू, असं विचारताय.

कागदाचं शेवटी बोलू, ते दोन ओळींचं काम आहे. मी बत्तीस वर्षं भूमिती आणि विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून वाफेच्या इंजिनाशिवाय दुसरं काही काढलेलं नाही. घरच्यांनी नाद सोडलाय. पहिली चार वर्षं माझीही इंजिनं खेळण्यातलीच होती, आणि मला ते कळलं नव्हतं. मला वाटायचं, रिव्हेट मोजून काढले की झालं.

मग एका छोट्या प्रदर्शनात माझ्या एका मोठ्या चित्रापुढे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ थांबले. चित्रात चढावर मालगाडी ओढणारं इंजिन. दाब फार वाढला की जादा वाफ सोडून देणाऱ्या बॉयलरवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचा पांढराशुभ्र झोत, धुराड्यातून नाजूक करडी रेघ. मी कौतुकाची वाट पाहत शेजारी जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "मास्तर, गाडी चढावर आहे ना?" म्हटलं, हो. "मग सेफ्टी कशी काय उडतेय? आणि धुराड्यात एवढीशीच रेघ? रेग्युलेटर बंद केलाय का ड्रायव्हरनं? बंद केला असेल तर गाडी मागे येईल की." ते स्वतः वाफेच्या इंजिनावरचे निवृत्त ड्रायव्हर होते. रिव्हेट त्यांनी मोजले नाहीत.

त्यांचं म्हणणं असं. (रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ सोडणारी-अडवणारी झडप.) चढावर इंजिन तयार होईल तेवढी सगळी वाफ खात असतं. फायरमन घाम गाळून दाब टिकवतो, मग वाफ फुकट जाईल कशी? सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तो बहुधा वाफ तयार होतेय पण खपत नाहीये तेव्हा: फलाटाला उभं असताना, सिग्नलला अडकल्यावर, उतारावर रेग्युलेटर बंद असताना. चढावर क्वचित उडतोही, पण तेव्हा धुराड्यातला मारा त्याहून कितीतरी मोठा असतो. माझ्या चित्रात इंजिन एकाच वेळी उभंही होतं आणि चढतही होतं. रंग बरोबर, रेषा बरोबर, आणि अर्थ काहीच नाही.

तेव्हापासून मी पेन्सिल टेकवण्याआधी कागदाच्या मागे एक वाक्य लिहितो: इंजिन आत्ता काय करतंय. उभं आहे, सुटतंय, ओढतंय, नुसतं घरंगळतंय, की थांबतंय. हे ठरलं की धूर कुठून, किती आणि कसा, दांडे कुठे, चाकांचे आरे स्पष्ट की पुसट, हे सगळं त्या एका वाक्यातून निघतं. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं.

धुरापासून सुरू करू, कारण तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. धुराड्यातून निघतो तो नुसता धूर नसतो. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ तिथेच सोडून देत नाहीत; ती धुराड्याच्या बरोबर खाली असलेल्या नळीतून जोरात वर सोडतात. ती जाताना मागच्या भट्टीतली हवा आणि धूर नळ्यांमधून खेचून घेते. म्हणजे इंजिन जितकं जोरात ओढणार, तितका आगीला भाता जास्त. या यंत्राची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, आणि चित्रकाराच्या कामाचीही हीच: धुराड्यावरच्या लोटात पांढरी वाफ आणि करडा धूर एकत्र असतात, आणि त्यांचं प्रमाण दर क्षणी बदलतं. नुकताच कोळसा टाकलाय तर काळपट. आग नीट पेटली असेल तर फिकट करडा. डांबरासारखा काळाकुट्ट खांब म्हणजे कोळसा नीट न जळता वाया चाललाय. चांगल्या फायरमनला ते कमीपणाचं वाटतं. हौशी लोकांच्या खास गाड्यांवर फोटोसाठी मुद्दाम काळा धूर काढतात, आणि आपण तेच फोटो समोर ठेवून चित्रं काढतो.

साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे. आता तुमच्यातल्या शिक्षिकेला गणित घालतो. चाकाचा व्यास १.७ मीटर धरा. भारतातल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचं मोठं चाक साधारण तेवढंच. परीघ झाला ५.३ मीटर. गाडी नुकती सुटतेय, चार सेकंदांत एक फेरा, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या आत. सेकंदाला एक फुसकारा. तेव्हा धुराड्यावर एकेक सुटा गोळा वर चढताना दिसतो, खालचा घट्ट, वरचा पसरलेला. ताशी चाळीसला सेकंदाला दोन फेरे आणि आठ फुसकारे; आता गोळे एकमेकांत मिसळून दोरखंडासारखा पीळ दिसेल. त्याहून वेगात सलग पट्टा, डब्यांच्या टपांवर आडवा लोळणारा. तेव्हा वेगात पळणाऱ्या गाडीवर सुटे सुटे गोल ढग काढले की चित्र मुलांच्या पुस्तकातलं होतं. कापूस निम्मा इथून येतो.

उरलेला निम्मा रंगातून येतो. खरी वाफ दिसतच नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते तिचे गार झालेले बारीक थेंब. चहाच्या किटलीच्या तोटीपाशी नीट पाहा, तोंडाला लागून बोटभर जागा मोकळी असते आणि पांढरं त्यानंतर सुरू होतं. सेफ्टी व्हॉल्व्हवरही तसंच: झोत धातूला चिकटून काढू नका, मध्ये थोडी पारदर्शक फट ठेवा. एवढ्यानेच त्या वाफेला दाब येतो. थंड, दमट हवेत पांढरा पट्टा लांबवर टिकतो. कडक कोरड्या उन्हात थोडं अंतर जाताच विरतो. दुपारच्या करकरीत सावल्या काढायच्या आणि वर आभाळभर पांढरी वाफ सोडायची, हे एकाच दिवसात बसत नाही.

आणि वाफ पांढरी असतेच असं नाही. मागे गर्द झाडी किंवा डोंगराचा कापलेला कडा असेल तर ती पांढरी दिसते. मागे उजळ आभाळ असेल तर तीच वाफ आभाळापेक्षा गडद, करडी-जांभळट दिसते. सूर्य तिच्या मागे असेल तर कडा पेटतात आणि पोट काळवंडतं. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७७ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनची डझनभर चित्रं केली, त्यांत काचेच्या छपराखालची वाफ निळी आहे. दुसरा फ्रेंच चित्रकार एदुआर माने त्याच्या चार वर्षं आधीच आणखी पुढे गेला होता: १८७३ च्या त्याच्या रेल्वेच्या चित्रात रेल्वेच नाही. लोखंडी गजांपुढे एक बाई आणि पाठमोरी मुलगी, आणि गजांपलीकडे नुसता वाफेचा ढग. गाडी गेली की यायचीय, ते तुम्ही ठरवा. ब्रिटिश चित्रकार टर्नरचं १८४४ चं 'पाऊस, वाफ आणि वेग' तर तुम्ही पाहिलंच असेल. त्या सगळ्या धुक्यात ठळक असं एकच, इंजिनाचं काळं धुराडं. अग्नीचा उजेड त्याने इंजिनाच्या तोंडाशी दाखवलाय. खरी भट्टी मागे ड्रायव्हरच्या पुढ्यात असते. आमच्या त्या ड्रायव्हर काकांनी टर्नरलाही सोडलं नसतं. पण टर्नर आहे. आपण आधी भट्टी मागे ठेवायला शिकू.

जलरंगात हे असं करून बघा. लोट जिथे विरतो तो भाग आधी ओला करा, उगमाजवळचा कागद कोरडा ठेवा. अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना असा करडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, कोरड्या बाजूने ओल्याकडे न्या. उगमाशी कड धारदार येईल, पुढे ती आपोआप हरवेल. उजेडाकडची बाजू कोरा कागद. त्यावरही पिवळ्या ऑकरचा अगदी पाण्यासारखा हात फिरवला तर सावलीतला निळा जास्त बोलतो. चायनीज व्हाइट हा पांढरा रंग वरून थापू नका, खडू फासल्यासारखं दिसतं. अगदीच लागलं तर त्यात पिवळ्याचा कण घाला. आणि वाफेची सावली! ढग डब्यावर, खडीवर, बॉयलरवर सावली टाकतो. ती विसरली की ढग गाडीवर चिकटवल्यासारखा दिसतो. मी पहिली कितीतरी चित्रं सावलीशिवाय काढली.

वारा एकदाच ठरवा. झाडं डावीकडे झुकलीत, धूर उजवीकडे, आणि स्टेशनचा झेंडा लोंबतोय, अशी चित्रं मी मोठमोठ्या चौकटीत टांगलेली पाहिली आहेत.

चाकांकडे येऊ. इथे भूमिती लागते आणि इथे मला बोलू दिलं तर तास संपायचा, म्हणून तीनच गोष्टी.

तिरकं पाहिलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याचा लहान अक्ष नेहमी चाकाच्या आसाच्या रेषेत पडतो. तो सरळ आडवाच असेल असं नाही. आधी आसाची रेघ मारा, मग तिच्यावर लंबवर्तुळ बसवा. शिवाय समोरून तिरकं पाहताना मागची चाकं नुसती लहान होत नाहीत, ती अधिक चपटीही होतात. आणि गंमत अशी की बॉयलरवरचे पट्टे बरोबर उलटं वागतात: मागे जाता जाता लहान होतात पण अधिक गोल दिसतात. चाकं चपटी होत जाणार, पट्टे गोल होत जाणार. सगळी चाकं एकाच साच्यातून काढली की ती गाड्याला ठोकल्यासारखी दिसतात. तुमचा दोष बहुतेक फोटोतून आलाय. लांबून झूम करून काढलेल्या फोटोत सगळी चाकं जवळपास सारखीच चपटी दिसतात, आणि अगदी जवळून काढलेल्यात इंजिनाचं नाक भोपळ्याएवढं होतं.

दुसरी गोष्ट दांड्यांची. मोठ्या चाकांना एकत्र जोडणारा साइड रॉड कायम रुळाला समांतर असतो. वर जाईल, खाली येईल, पण तिरपा कधीच होणार नाही, कारण सगळ्या चाकांच्या क्रँक पिन (चाकावरच्या ज्या खुंट्यांना दांडा जोडतात त्या) एकाच कोनात असतात. तिरपा होतो तो दट्ट्याकडून येणारा कनेक्टिंग रॉड, कारण त्याचं पुढचं टोक सरळ रेषेत मागेपुढे करतं आणि मागचं गोल फिरतं. हे दोन्ही दांडे एकसारखे आडवे काढले की इंजिन जाम झालेलं दिसतं. चाकावर चंद्रकोरीसारखं जाड वजन असतं ना, ते साधारण क्रँक पिनच्या समोरच्या बाजूला येतं. पिन खाली तर कोर वर. आणि समोरून दोन्ही बाजू दिसत असतील तर डावी-उजवीत काटकोनाचा फरक ठेवा. तो फरक नसेल आणि दोन्ही दट्टे एकदम टोकाला थांबले तर गाडी सुटणारच नाही.

तिसरी वेगाची. रुळावर फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पळत असतो. म्हणून धावत्या गाडीत वरचे आरे पुसट आणि खालचे त्यापेक्षा स्पष्ट. हे मी पोरांना फळ्यावर शिकवत होतो वर्षानुवर्षं, आणि स्वतःच्या चित्रात चाक मात्र सगळीकडून सारखं पुसत होतो! आता ओल्या ब्रशने फक्त वरचा अर्धा भाग उचलतो. मॅलर्ड नावाच्या इंजिनाचं उदाहरण घ्या: ३ जुलै १९३८ ला ब्रिटनमध्ये ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर, हा वाफेच्या इंजिनाचा विक्रम. चाकाचा व्यास सुमारे दोन मीटर. हिशेब केला तर सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे. त्या वेगातलं चित्र काढताना दांड्याचा प्रत्येक बोल्ट दाखवला तर गाडी उभी राहते. मोजून काढलेले रिव्हेट इथे कामाचे नाहीत.

खेळण्यासारखं का दिसतं, याचं आणखी एक कारण नजरेची उंची. पुलावरून किंवा उंचावरून काढलेल्या फोटोत बॉयलरची पाठ दिसते, आणि आपण टेबलावरचं खेळणं पाहतो ते असंच. रुळाशेजारी उभ्या माणसाची नजर जमिनीपासून दीड मीटरवर. इंजिन साधारण चार मीटर उंच. क्षितिज चाकांच्या माथ्याजवळून जायला हवं आणि बॉयलरचं पोट खालून दिसायला हवं. फोटो उंचावरचा असेल तर तो माहितीसाठी वापरा, मांडणीसाठी नको.

काळा रंग ट्यूबमधून सरळ घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळा. इंजिनाच्या वरच्या भागात निळा जास्त, कारण तिथे आभाळ पडतं, खाली सिएना जास्त, कारण खडीचा उबदार उजेड वर येतो. आणि इंजिनावर दोन काळे असतात. बॉयलरवर पत्र्याचं आवरण असतं, ते पुसलेलं, चकाकणारं. पुढचा स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालचा धुराचा कप्पा, उघडा आणि तापलेला, रंग भाजून राखट झालेला, त्यात चकाकी नाही. या दोन काळ्यांमधली सीमा दिसली की इंजिनात जीव येतो. सगळ्यात पांढरा ठिपका मी तेलकट दांड्यासाठी राखून ठेवतो, वाफेसाठी नाही.

टेरेन्स क्यूनिओ हा ब्रिटिश चित्रकार आपल्या चित्रांत एक छोटा उंदीर लपवायचा, लोक अजून तो शोधत बसतात. डेव्हिड शेफर्ड या दुसऱ्या ब्रिटिश चित्रकाराने तर, ब्रिटनमध्ये वाफेची इंजिनं मोडीत निघत होती त्या १९६७ साली, चक्क दोन इंजिनं विकत घेतली. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण जिथे एखादं इंजिन अजून चालतं तिथे अर्धा दिवस जाऊन बसा, स्केचबुक न उघडता. फुसकारे मोजा. रेग्युलेटर बंद झाल्यावर आवाज एकदम कसा थांबतो आणि धूर कसा आळसावून बॉयलरवर पडतो ते बघा.

कागद: ३०० ग्रॅमचा, सुती, थोडा खडबडीत. पातळ कागद एवढं ओलं काम सोसत नाही. तैलरंगाकडे आत्ता वळू नका. वाफ जलरंगात जितकी सहज येते तितकी तेलात येत नाही, आणि तुमची अडचण माध्यमाची नाही.

आता तुमचं पहाटेचं स्टेशन. इंजिन उभं आहे तर धूर मागे का वाकलाय? वारा नसेल तर तो सरळ वर जाईल, तोही बारीक, आणि सेफ्टी उडत असेल तर तिचा झोत त्याच्याहून उंच. तुम्हाला तो मोठा धूर ठेवायचाच असेल तर गाडी सुटू द्या. सुटताना ड्रायव्हर सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडतो, कारण गार सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही आणि ते बाहेर काढलं नाही तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. त्या कॉकमधून वाफेचे झोत खाली, पुढच्या चाकांपाशी, दोन्ही बाजूंना सुटतात, पहाटेच्या गारव्यात तर भरपूर. धूर अजून सुट्या गोळ्यांचा, जवळजवळ सरळ वर. धूर बारीक करायचा की गाडी सोडायची ते तुम्ही ठरवा. मी असतो तर गाडी सोडली असती, कारण ड्रेन कॉक उघडले की तुम्हाला न जमलेली पुढची चाकं वाफेत झाकली जातात, आणि कुठलाही ड्रायव्हर त्यावर बोट ठेवू शकत नाही.